गिरणी बंद, आवाज स्वच्छ: चार दिवसांच्या एका शॉर्टफिल्मचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातला हा पोरगा. पोरगा म्हणायचं ते सवयीनं, वय एकतीस. त्याचं नाव घेत नाही आणि गावाचंही नाही, कारण त्या गावात पिठाची गिरणी एकच आहे आणि लगेच ओळखू येईल. मी या प्रकरणात तिऱ्हाईत नाही. फिल्मचा साउंड माझ्याकडं होता, निदान ठरलं तरी तसंच होतं. तेव्हा पुढं जे लिहितोय त्यात माझाही वाटा आहे.

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात तो शिकला आणि युवक महोत्सवांत एकांकिका केल्या. एकांकिकेच्या टीममध्ये कामं वाटलेली नसतात, ती अंगावर पडतात. ज्याचा प्रवेश नाही तो लाइटवर बसतो, लाइटवर नाही तो विंगेत प्रॉपर्टी धरून उभा राहतो. शॉर्टफिल्मकडं वळल्यावर त्यानं हेच चालू ठेवलं.

इकडं शॉर्टफिल्म चालते सावडीवर. आज तुझ्या रानात मी खुरपायला येतो, उद्या माझ्या रानात तू ये. पैसा फिरत नाही, दिवस फिरतात. याच्याकडं त्यासाठी शंभर पानी वही होती. डाव्या पानावर दिलेले दिवस, उजव्या पानावर येणे असलेले. चार वर्षांत अकरा फिल्मवर काम केलेलं: तीन ठिकाणी बूम (लांब काठीवरचा माईक) धरला, दोन एडिट केल्या, दोन ठिकाणी कला विभागात भिंती सारवल्या, एकीवर क्लॅप आणि कंटिन्युइटी, एकीवर फोकस ओढला (लेन्सची रिंग फिरवून चित्र स्पष्ट ठेवलं), एकीवर प्रॉडक्शन, म्हणजे सकाळच्या पोह्यांपासून रात्री जीपवाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं. अकरावी फिल्म हिंगोलीकडची. तिथं मढं व्हायला कुणी तयार होईना, तर हा चार तास तिरडीवर झोपला. वहीत त्याचा अर्धा दिवस लावलाय.

माझी नऊ मिनिटांची फिल्म त्यानंच कापली होती, अकरा रात्री बसून. आम्ही दोघांनी मिळून त्याचे तीन दिवस धरले. ते मी त्याच्या फिल्मला द्यायचे होते.

फिल्म आणि तिची तयारी

गोष्ट साधी. नवरा पुण्याला कंपनीत गेलेला, गावातली गिरणी बायको चालवते. वर्षभर त्याचा पत्ता नाही. दळणाच्या रांगेतली एक म्हातारी विचारते, कधी येणार गं तो? गिरणी चालू असताना शेजारच्यालाही ओरडून सांगावं लागतं. त्यामुळं घरातल्या घरात सुद्धा जे तोंडातून निघालं नसतं, ते या बाईला घसा ताणून सांगावं लागतं, आणि रांगेतल्या नऊ माणसांना ऐकू जातं. सतरा-अठरा मिनिटांच्या फिल्मचा जीव या तीन मिनिटांत होता.

नायिकेच्या कामाला एक हायस्कूलच्या शिक्षिका होत्या, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलेल्या. सगळं युनिट त्यांना बाई म्हणायचं. बाकी माणसं गावातलीच.

शूटिंग जानेवारीत धरलं. त्यामागं विचार होता. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असते, गावभर यंत्रांचा आवाज. जानेवारीत ज्वारी हुरड्यात, रान शांत, आभाळ मोकळं. एकूण पैसा होता ९८,००० रुपये. त्यातले ३१,००० कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्याला, ३४,००० जेवण आणि जीपला, १८,००० कलाकारांना, ९,००० लाइटला आणि ६,००० गिरणीचं भाडं, किरकोळ धरून. साउंडपुढं शून्य. रेकॉर्डर माझा, कपड्यांना लावायचे लेपल माईक माझे, माणूस सावडीचा.

लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, एडिट हे सगळं त्यानं स्वतःकडं ठेवलं. फोकसही स्वतःच. जोडीला कॉलेजचा एक मुलगा: सहायक दिग्दर्शक तोच, क्लॅपवाला तोच, पाण्याचा जार आणणाराही तोच. मी तेव्हाच म्हणालो होतो की कॅमेरा दुसऱ्या कुणाला दे. त्यानं दादासाहेब फाळक्यांचं नाव काढलं. सगळं एकट्यानं करायचं ठरवलेला माणूस आपल्याकडं शेवटी फाळक्यांवरच येतो. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये लिहिण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत त्यांचा हात होता, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि युनिटचा स्वयंपाकही बघायच्या, हे सगळं खरं. पण कॅमेरा त्यांनी त्र्यंबक तेलंगांना शिकवला आणि त्यांच्याच हातात दिला. हे मला तेव्हा आठवलं असतं तर तिथंच बोललो असतो. आठवलं ते फिल्म संपल्यावर.

चार दिवसांची आखणी अशी होती: पहिल्या दिवशी घर, दुसऱ्या दिवशी शाळा आणि एसटी स्टँड, तिसऱ्या दिवशी शेत आणि विहीर, चौथ्या दिवशी गिरणी. तिसऱ्या दिवशी मला नोकरीवर हजर राहणं भाग होतं. शेतात संवाद जवळजवळ नव्हते, म्हणून तोच दिवस माझ्या सुट्टीचा धरला. आखणी चांगली होती, असं आजही म्हणेन.

अडचण कुठं सुरू झाली

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना सरपंचांचे भाऊ सहज बोलून गेले, परवापासून सप्ताह बसतोय. परवा म्हणजे आमचा चौथा दिवस. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मंदिर गिरणीपासून दोनशे पावलांवर, आणि शिखराला बांधलेले दोन कर्णे गिरणीच्याच दिशेला.

आम्ही दोनदा रेकी, म्हणजे जागेची पाहणी, केली होती. उजेड कुठून येतो, जीप कुठवर जाते, ट्यूबलाइट किती, सगळं बघितलं. सप्ताह कधी आहे हे कुणी विचारलं नाही. गावात ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या रात्री ओसरीवर बसून तीन वाटा निघाल्या. पहिली: सप्ताहाच्या मंडळींना हात जोडून दुपारचे दोन तास कर्णे बंद ठेवायला सांगायचं. दुसरी: नांदेडहून साउंडवाला बोलवायचा. एक ओळखीचा होता, तो गाडीभाडं धरून ४,५०० म्हणाला. तिसरी: दिवसांची अदलाबदल करायची. गिरणी तिसऱ्या दिवशी, शेत चौथ्या दिवशी.

पहिली वाट त्याला पटेना. पाहुणे म्हणून राहायचं आणि देवाचा कर्णा बंद करायला सांगायचं, हे शोभत नाही म्हणाला. मला वाटतं विचारायला हरकत नव्हती. गावानं तोवर आमच्यासाठी म्हशीसुद्धा दुसऱ्या रस्त्यानं नेल्या होत्या. दुसऱ्या वाटेला पैसे आडवे आले. जेवणाचा हिशोब आधीच वाढलेला. राहिली तिसरी. माझ्याशिवाय गिरणीचा साउंड कोण करणार, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं वही काढून दाखवली. बूम, तीन फिल्म.

“येतंय की मला,” म्हणाला. “गिरणी बंदच ठेवायचीय. लेपल लावायचा, लेव्हल धरायची. त्यात काय.”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच येत होतं त्याला. मी रेकॉर्डर त्याच्या हवाली केला, वर चिठ्ठी चिकटवली, ‘हेडफोन कानाला, प्रत्येक सेटअपला’, आणि रात्रीच्या गाडीनं निघालो.

तिसरा दिवस

मी तिथं नव्हतो. जे लिहितोय ते त्याच्याकडून, बाईंकडून आणि मुख्य म्हणजे फुटेजवरून कळलेलं.

चालू यंत्राजवळचा संवाद शूट करायची रीत ठरलेली आहे. यंत्र बंद ठेवायचं. कलाकारांनी यंत्र चालू आहे असं समजून ओरडून बोलायचं. संवाद स्वच्छ मिळतो. मग यंत्राचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून मिक्सिंगमध्ये खाली घालायचा. सगळा खेळ त्या ओरडून बोलण्यावर असतो. समोर शांतता असताना माणसाचा आवाज आपोआप उतरतो, कितीही मुरलेला नट असला तरी. त्याला दर टेकला ‘बाई, गिरणी चालू आहे’ अशी आठवण करून देणारं कुणीतरी लागतं.

सकाळी वाइड शॉट झाले. बाईंनी स्वतःच विचारलं, मोठ्यानं ना? तो हो म्हणाला. हेडफोन कानाला होते. वाइडमध्ये बाई खरोखर गिरणीवर बोलतात तशा बोलल्या आहेत, मानेच्या शिरा दिसतात.

जेवणानंतर क्लोजअप. इथं तो लेन्स पार उघडी ठेवून होता, कारण गिरणीच्या मागच्या भिंतीवरचा पिठाचा थर त्याला धूसर हवा होता. म्हणजे फोकसला जागा बोटभर. बाई किंचित पुढं झुकल्या की डोळा सुटतो. एक हात फोकस रिंगवर, डोळा मॉनिटरवर, आणि हेडफोन ट्रायपॉडच्या मुठीला अडकवलेले. त्या एका दिवसात त्यानं किती गोष्टी नीट सांभाळल्या हे फुटेज बघून कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्यानं २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलंय, चित्रात कुठंही लुकलुकीचा पट्टा नाही. लेन्सवर पीठ बसू नये म्हणून दर शॉटनंतर काच पुसल्याचं क्लॅपच्या आधी दिसतं. पाच क्लोजअप, सगळे फोकसमध्ये, सगळ्यांची लेव्हल बरोबर. आणि पाचही शॉटमध्ये बाई घरात देवापुढं बसून बोलावं तशा हळू बोलतात.

संध्याकाळी त्याचा फोन आला, “क्लीन मिळालाय आवाज.” चौथ्या दिवशी मी परत गेलो. शेतात संवाद नव्हते, वरून कर्णे चालू. दिवसभर उजेड परतवायला थर्माकोल धरून उभा राहिलो. माझ्या सावडीचा तिसरा दिवस असा गेला.

चूक कशी सापडली

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, फेब्रुवारीत झाला. मी तो लॅपटॉपवर बघितला, पण त्यात गिरणीचा आवाज अजून घातला नव्हता. शांततेत ते क्लोजअप अतिशय सुंदर वाटतात. मला काही खटकलं नाही. साउंडचा माणूस म्हणवून घेणाऱ्यानं हे कबूल केलेलं बरं.

गिरणीचा आवाज घालून त्यानं तो कट गावात नेला आणि गिरणीच्या मालकीणबाईंना दाखवला. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मावशींनी पहिली दोन मिनिटं आपली गिरणी, आपला वजनकाटा बघण्यात घालवली. क्लोजअप आले तशा हसायला लागल्या.

“गिरणीत असं बोलतं का कुणी बापू? इथं शिवी बी वरडून द्यावं लागतंय.” मग जरा थांबून, “लाईट गेल्यावर बोलतेत असं.”

त्यानं मला रात्री साडेदहाला फोन करून हे सांगितलं. आधी पहिलं वाक्य, खूप चिडून. दुसरं वाक्य त्यानं नुसतं जाता जाता सांगितलं.

पुढचे पर्याय

मिक्समध्ये गिरणी दाबून बघितली. गिरणी मागं गेली की ती गिरणी राहत नाही, शेजारच्या घरातला मिक्सर वाटते. हा पर्याय एका संध्याकाळीत बाद झाला.

डबिंगचा विचार जास्त दिवस चालला. संभाजीनगरला स्टुडिओ मिळत होता, बाई यायला तयार होत्या. पण डबिंगनं आवाज बदलतो, चेहरा बदलत नाही. हळू बोलताना तोंड जेमतेम उघडतं, गळा सैल असतो. त्यावर ओरडलेला आवाज बसवला की आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं. दोन ओळी फोनवर रेकॉर्ड करून लावून बघितल्या, आणि दोघंही गप्प बसलो.

सगळा सीन पुन्हा करायचा तर रांगेतली नऊ माणसं, कॅमेरा, लाइट, जीप, जेवण मिळून बावीस हजारांच्या घरात जात होतं. शिवाय मार्च उजाडत होता आणि बाईंना दहावीच्या परीक्षेची ड्युटी. मोकळा फक्त रविवार. सीन काढूनच टाकायचा, असंही तो एकदा म्हणाला. त्या दिवशी मी त्याला जेवायला घेऊन गेलो आणि विषय काढला नाही.

मावशींच्या दुसऱ्या वाक्यावर आम्ही चार दिवसांनी आलो. लाईट घालवायची. बाई वाइडमध्ये ओरडतायत, म्हातारी विचारते, बाई ओरडून उत्तर द्यायला लागतात आणि वाक्याच्या मध्यात लाईट जाते. पट्टा मंदावतो, ट्यूब विझते, आणि उरलेलं अर्धं वाक्य त्याच पट्टीत, एकदम शांत झालेल्या खोलीत पडतं. नऊ डोकी वळतात. तिथून पुढं बाई हळू बोलतात आणि आमचे पाच क्लोजअप आहेत तसे चालतात.

मला हे लगेच आवडलं. त्याला नाही. त्याचं म्हणणं, मी लिहिलेल्या सीनमध्ये बाईला सगळं ओरडून सांगावं लागतं, तिची सुटका होत नाही. इथं लाईट जाऊन तिला वाचवते. बोलण्यात तथ्य होतं. मी म्हणालो, वाचवते कुठं, उलट उघडी पाडते. यावर आमचं एकमत आजही नाही. पण हातात जे फुटेज होतं त्यात बसणारी ही एकच वाट होती, म्हणून ती घेतली.

पॅचवर्क

लागणारे शॉट तीनच: लाईट जातानाचा वाइड, पट्ट्याचा क्लोजअप, आणि ओरडणाऱ्या बाईंचा एक क्लोजअप. मार्चचा एक रविवार, सकाळचे चार तास. एकूण खर्च ६,५०० रुपये.

या वेळी त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. वही उघडली, नांदेडच्या ज्या कॅमेरामनसाठी त्यानं फोकस ओढला होता त्याच्याकडं दोन दिवस येणे निघत होते, त्यातला एक मागून घेतला. साउंडला मी. तो स्वतः हेडफोन घालून पिठाच्या डब्यावर बसला. क्लॅपवाल्या मुलाला फक्त कंटिन्युइटी दिली, दुसरं काही नाही. पाणी ज्यानं त्यानं घेतलं.

कंटिन्युइटीचे फोटो मात्र नव्हते. जानेवारीत ते काम कुणाकडंच नव्हतं. बाईंच्या कोणत्या हातात किती बांगड्या, पदर कुठल्या खांद्यावरून खोचलेला, पीठ कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, हे रफ कटच्या फ्रेममधून अर्धंच कळत होतं. आठवीतल्या एका पोरानं शूटिंगच्या दिवशी मोबाईलवर स्टेटस ठेवलं होतं. त्याच्या गॅलरीत तेवीस फोटो निघाले. डाव्या हातात सहा हिरव्या बांगड्या, आणि कानामागं खोवलेला खडू, ज्यानं बाई डब्यांवर वजन लिहितात. तो खडू आम्ही सगळे विसरलो होतो.

जानेवारीत गिरणीच्या दारातून उभी ज्वारी दिसायची. मार्चमध्ये ती काढून झालेली, दारापलीकडं नुसती ढेकळं. रांगेतले दोन उंच गडी दारात उभे करून ती झाकली. ऊनही बदललेलं. जानेवारीत सूर्य खाली असतो, दारातला कवडसा पार काट्यापर्यंत आत यायचा. मार्चमध्ये तो उंबऱ्यापाशीच संपत होता. आरसा लावून ऊन आत ढकललं, वरून पोत्याचं बारदान लावून त्याची कड मोडली. आणि त्या सकाळी कुणीतरी हरभऱ्याची डाळ दळून गेलेलं, सगळीकडं पिवळं पीठ. बाईंच्या हाताला ज्वारीचं पांढरं पीठ लागायला हवं होतं. मावशींनी आधी एक पायली ज्वारी फुकट दळून गिरणी धुवून काढली. इथल्या बायका दळण टाकायच्या आधी ‘कशावर दळलंय’ असं का विचारतात ते त्या दिवशी कॅमेरामनला कळलं.

पट्टा थांबतानाचा शॉट वाटला तितका सोपा नव्हता. आम्हाला वाटलं, मेन स्विच पाडायचा, हवा तितक्या वेळा. मावशींनी बोर्डापुढं हात आडवा धरला. धान्य आत असताना बंद केली तर पुन्हा चालू करताना मोटरवर भार येतो, जळली तर कोण देणार? म्हणून दर वेळी थोडंच धान्य टाकायचं, ते संपत आलं की स्विच पाडायचा. त्यामुळं तीनच टेक मिळाले. दुसरा चांगला आहे: पट्टा सैल होत थपथप करतो, आणि शेवटी कापडी बाहीतून चिमूटभर पीठ पडतं.

ओरडण्याचा क्लोजअप गिरणी चालू ठेवूनच घेतला, म्हणजे गळा आणि तोंड खरं दिसावं. त्यावरचा आवाज नुसता पायलट म्हणून, म्हणजे नंतर जुळवायला खूण म्हणून धरला. लगेच गिरणी बंद करून बाईंकडून तीच ओळ त्याच पट्टीत तीनदा वाइल्ड, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज, घेतली. वाइल्ड घेताना दुसऱ्या वेळी आवाज उतरला. डब्यावरून तो ओरडला, “बाई, गिरणी चालू आहे!” जानेवारीत हे वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं.

नंतर अकराला लाईट खरोखरच गेली. दीड तास आली नाही. कॅमेरा तेव्हा पेटीत होता.

निष्पत्ती

सीन बहुतेक जमला. जुन्या क्लोजअपपैकी दोहोंत पेटलेल्या ट्यूबचा कोपरा दिसत होता. शूट ४के मध्ये आणि फिल्म त्याहून लहान १०८० मध्ये असल्यानं फ्रेम आत घेऊन तो कापता आला. चेहऱ्यावरचा ट्यूबचा उजेड डीआयमध्ये, म्हणजे शेवटच्या रंग-उजेडाच्या दुरुस्तीत, उतरवला. चौथ्या क्लोजअपमध्ये मात्र बाईंच्या मागच्या स्टीलच्या डब्यावर ट्यूबची पांढरी रेघ राहिली आहे. लाईट गेलेली आणि डबा चमकतोय. आतापर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मला दर वेळी तीच दिसते.

श्रेयनामावलीवरून जरा वाजलं. पहिल्या मसुद्यात त्याचं नाव पाच पाट्यांवर होतं. ते एका पाटीवर आणलं: लेखन, छायाचित्रण, संकलन, दिग्दर्शन. साउंडच्या पाटीवर त्यानं माझं एकट्याचं नाव घातलं. मी नको म्हणालो, तिसऱ्या दिवशीचा आवाज तुझा आहे. तो म्हणाला, तोच तर नकोय माझ्या नावावर. शेवटी दोघांची नावं आली. पॅचच्या कॅमेरामनला अतिरिक्त छायाचित्रण, आणि स्टेटसवाल्या पोराला स्थिरचित्रण.

फिल्म सतरा मिनिटांची झाली. सात महोत्सवांना पाठवली, दोन ठिकाणी लागली. पैसे परत आले नाहीत, येणार नव्हतेच. गावात शाळेच्या भिंतीवर चादर लावून दाखवली. लाईट जाते त्या जागी पुढं बसलेली पोरं सवयीनं ओरडली, “गेलीऽऽ!” पुढची बाईंची ओळ त्यात बुडाली.

पुन्हा केलं तर

सगळ्यात आधी पंचांग आणि गावातला एक म्हातारा, दोघांना रेकीत घ्यायचं. सप्ताह, जत्रा, आठवडी बाजार, लग्नाच्या तिथी, दिवसा थ्री-फेज कधी असते. हे कॅमेऱ्याच्या डोळ्यानं दिसत नाही.

साउंडपुढचा शून्य मला अजून बोचतो. सावडीला आलेला माणूस त्याच्या सोयीच्या दिवशी येतो, पैसे दिलेला माणूस तुमच्या अडचणीच्या दिवशी येतो. लेन्स एक दर्जा खालची घेतली असती तरी ४,५०० सुटले असते. त्या रात्री ती तडजोड शक्य नव्हती, कारण लेन्स आधीच पेटीत होती. बजेट मांडताना शक्य होती.

पाच कामं एकट्यानं घेतल्याबद्दल त्याला बरेच लोक बोलले. मला त्यातली तीन मुळीच चुकीची वाटत नाहीत. लेखन शूटिंगच्या आधी संपतं, एडिट नंतर सुरू होतं, ती दिग्दर्शनाच्या वाटेत येत नाहीत. फोकस आणि साउंड मात्र ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ यांच्या मधल्या त्याच पन्नास सेकंदांत पूर्ण लक्ष मागतात, आणि तेवढ्याच सेकंदांत बाईंच्या पट्टीकडं दिग्दर्शकाचं लक्ष हवं असतं. शूटच्या आधी कागदावर एवढंच लिहून बघितलं असतं, की टेक चालू असताना कोणाचा कान कुठं आणि डोळा कुठं, तर तिसऱ्या दिवसापुढं दोन रकाने रिकामे दिसले असते. कानासाठी क्लॅपवाला मुलगाही चालला असता. त्याला हेडफोन देऊन एकच सांगायचं, बाई हळू बोलल्या की हात वर कर. त्याला साउंड यायची गरज नव्हती.

उलट बाजूही सांगायला हवी. मार्चमध्ये चार तासांत ते तीन शॉट निघाले ते या माणसाच्या अकरा फिल्ममुळंच. बारदानानं उन्हाची कड मोडायची हे त्याला कला विभागात कळलेलं, वाइल्ड ट्रॅक बूम धरताना, आणि काय लागेल व काय लागणार नाही हे एडिटला बसून. नुसता दिग्दर्शक असता तर त्यानं पूर्ण सीन पुन्हा मागितला असता आणि फिल्म तिथंच राहिली असती.

एक फरक मी माझ्यातही केला. रफ कट बघायला आला की मी आता पहिल्यांदा विचारतो, इथं मागं काय वाजणार आहे? ते घातल्याशिवाय बघत नाही.

परवा त्याच्या घरी वही बघितली. नवी फिल्म लिहितोय, या वेळी कॅमेरा नांदेडच्याच माणसाकडं आहे. माझ्या नावापुढं त्यानं पॅचचा दिवस धरून चार दिवस जमा दाखवलेत. थर्माकोल धरला तो दिवस मी खोडून अर्धा केला. त्यानं पेन घेऊन पुन्हा एक केला.